सात जण आले, आठवा कुठे? एका स्क्वेअर डान्स क्लबच्या ऑनलाइन गटांचं प्रकरण

स्क्वेअर डान्स या अमेरिकी लोकनृत्याला आठ माणसं लागतात. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंवर उभ्या राहतात. पहिली जोडी कॉलरकडे पाठ करून, बाकीच्या तिच्या उजव्या हातापासून क्रमाने. १ आणि ३ या ‘हेड’, २ आणि ४ या ‘साइड’. कॉलर माइकवरून पुढची चाल सांगतो आणि आठही जण ती तिथल्या तिथे करतात. गरब्याच्या फेरात मागून आलेला माणूस कुठेही शिरतो. इथे नववा आला तर कुणाला तरी खुर्ची धरावी लागते, आणि सातच आले तर सातही जण बसून राहतात.

अमेरिकेतले बहुतेक क्लब ऑनलाइन गट चालवताना नेमकं हेच विसरतात. गटात किती सदस्य आहेत याला या नाचात फारसा अर्थ नाही. या मंगळवारी सात वाजता, या हॉलमध्ये, या पातळीचे किती पाय येणार आहेत, एवढंच कामाचं.

पुढचं प्रकरण मिडवेस्टमधल्या एका मध्यम शहरातल्या क्लबचं म्हणून मांडलं आहे. ते कुणा एका क्लबचं नाही. अशा क्लबांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत आणि आकडे हिशोब दाखवण्यापुरते घेतले आहेत.

परिस्थिती

क्लब मंगळवारी संध्याकाळी सात ते नऊ चर्चच्या हॉलमध्ये नाचतो. पातळी ‘प्लस’ (शिकण्याच्या पायऱ्यांपैकी एक, त्या पुढे येतात). यादीत १४ नावं, बहुतेक साठीच्या पुढची. प्रत्यक्षात येतात ९ ते ११. कॉलरचं मानधन आणि हॉलचं भाडं ठरलेलं आहे, सात आले काय नि सोळा आले काय. क्लबकडे फेसबुक पेज आहे, फेसबुक ग्रुप आहे, व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि जुनी ईमेल यादीही आहे. पेजला काही शे लोक फॉलो करतात. तरी दर महिन्यात एखादा मंगळवार असा येतो की सातच जण उगवतात आणि कॉलर गाडीतून सामान काढावं की नाही या विचारात दारात उभा असतो.

हिशोब मांडला तर गोष्ट स्पष्ट होते. दहा जण आले तर एक स्क्वेअर (आठांचा चौकोन) होतो आणि दोघं बसतात. पाळीपाळीने बसलं तर प्रत्येकाला पाचांतली एक ‘टिप’ बसून काढावी लागते. टिप म्हणजे नाचाचा एक फेरा, आधी पॅटर (ठेक्यावर बोलून दिलेले कॉल, म्हणजे चालींच्या सूचना) आणि मग गाण्यावरचा कॉल, मिळून दहा-पंधरा मिनिटं. हे सगळे हसतखेळत चालवून घेतात. बारा आले तर चौघं बसतात, इथे कुरकुर सुरू होते. पंधरा आले तर एक स्क्वेअर नाचतो आणि सात जण बघत बसतात. म्हणजे दहापेक्षा पंधराची संध्याकाळ जास्त वाईट. सोळावा माणूस दारातून आत आला की तीच संध्याकाळ उत्तम होते. (बारा जणांचे षट्कोनी ‘हेक्स’ करता येतात, पण ते मुरलेल्यांचं काम.)

थोडक्यात, ८ आणि १६ हे दोन उंबरठे आहेत. आपण कोणत्या बाजूला आहोत हे सोमवारी रात्रीच कळलं पाहिजे.

लाइक म्हणजे हजेरी नव्हे

क्लबची जुनी पद्धत अशी: रविवारी फेसबुक ग्रुपवर ‘मंगळवारी भेटू या’ अशी पोस्ट, खाली वीस-बावीस लाइक. त्यातले निम्मे दुसऱ्या राज्यात राहायला गेलेले जुने सदस्य. एखाद्या जोडप्यातल्या एकानेच लाइक केलं, तर ते एक समजायचं की दोन? इव्हेंट केला तर लोक ‘इंटरेस्टेड’ दाबतात. त्याचा अर्थ ‘बघू’ यापलीकडे काही नसतो. शिवाय फेसबुक पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवत नाही, त्यामुळे काहींना मंगळवारचं निमंत्रण गुरुवारी दिसतं. ज्या तिघाचौघांकडे फेसबुक नाही, ते तर या मोजणीत कधी आलेच नाहीत.

म्हणून मोजणीचं काम फेसबुकवरून काढून व्हॉट्सॲपवर आणलं, आणि तिथेही गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवून. वाढदिवस, नातवंडांचे फोटो आणि गुड मॉर्निंग यांच्याखाली पोल गाडला जातो, तो पुन्हा वर शोधत जायला कुणी बसत नाही. हजेरीच्या ग्रुपमध्ये आठवड्याला एकच पोल. शनिवारी संध्याकाळी टाकायचा, सोमवारी रात्री आठला मोजायचा. पर्याय चार: डाव्या बाजूने नाचेन, उजव्या बाजूने नाचेन, दोन्ही चालेल, येणार नाही. पोल बनवताना एकाहून जास्त उत्तरं देण्याची सोय बंद करायची. ती आपोआप चालू असते, आणि बंद केली नाही तर लोक ‘डावी’ आणि ‘दोन्ही’ असं दोन्हीकडे दाबून आकडा फुगवतात.

बाजू विचारणं गरजेचं का? जोडीतली डावी जागा पूर्वापार पुरुषाची, उजवी बाईची. आता अनेक क्लब ते बंधन पाळत नाहीत. समलिंगी स्क्वेअर डान्स क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ पासून आहे आणि त्या क्लबांमध्ये कुणी कोणत्या बाजूला उभं राहायचं हा आवडीचा प्रश्न असतो. पण बहुतेक जुन्या नाचणाऱ्यांचे पाय एकाच बाजूला बसलेले असतात. आठ जण आले, पण पाच उजवीकडचे आणि तीन डावीकडचे, तर स्क्वेअर होतो तो कुणीतरी बाजू बदलायला तयार असेल तरच. ‘दोन्ही चालेल’ दाबणारी दोन माणसं क्लबमध्ये असली की निम्मी डोकेदुखी जाते. जुन्या सदस्यांना दुसरी बाजू शिकवण्यासाठी महिन्यातली एखादी टिप राखून ठेवणं हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा फायद्याचं आहे.

मत माणशी एक. नवऱ्याने बायकोच्या वतीने सांगायचं असेल तर पोलखाली तिचं नाव आणि बाजू लिहायची. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना हजेरी सांभाळणारी व्यक्ती सोमवारी दुपारी फोन करते आणि त्यांची नावं ग्रुपमध्ये लिहिते. न बोलणारा ‘नाही’मध्ये धरायचा. हा नियम पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लोकांना लागतो, ‘मी तर नेहमीच येते, विचारायचं काय?’ असं ऐकावं लागतं. पण ‘नेहमीच’ येणाऱ्यांपैकी दोघं डॉक्टरकडे आणि एक मुलीकडे गेलेली असते, तेव्हाच सात होतात. मंगळवारी ऐनवेळी रद्द करायचं झालं तर तेही ग्रुपमध्येच सांगायचं. कॉलरला वैयक्तिक मेसेज करण्यात अर्थ नाही, तो तेव्हा गाडी चालवत असतो.

दोन माणसं उसनी हवी आहेत

सोमवारी आठ वाजता आकडा सहावर थांबला तर पुढचं पाऊल म्हणजे आसपासच्या क्लबांचा सामाईक ग्रुप. तासाभराच्या अंतरावरून माणसं येतात, हे या छंदातलं एक गोड वेड आहे.

अनोळखी माणूस येऊन थेट स्क्वेअरमध्ये उभा राहू शकतो याचं श्रेय कॉलरलॅब या कॉलरांच्या संघटनेला. १९७४ पासून तिने कॉलच्या व्याख्या आणि शिकण्याच्या पायऱ्या एकसारख्या केल्या. सोशल स्क्वेअर डान्सिंग, मेनस्ट्रीम, प्लस, मग ॲडव्हान्स्ड आणि चॅलेंज. कॉल जगभर इंग्रजीतच दिले जातात. त्यामुळे जर्मनीतला किंवा जपानमधला प्लस नाचणारा ओहायोतल्या प्लस स्क्वेअरमध्ये अडत नाही. म्हणूनच मदत मागताना पातळीचं नाव हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द. तो नसला तर बाकी पोस्ट कितीही गोड लिहिलेली असो, उपयोग नाही.

चालणारी पोस्ट साधारण अशी असते: ‘उद्या मंगळवार, ७ ते ९, प्लस. दोन हवेत, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. मध्ये राउंड डान्स नाहीत. साधे कपडे चालतील. पार्किंग चर्चच्या मागे, दार बाजूचं, पुढचं बंद असतं. पाहुण्यांना प्रवेश मोफत. ज्यांना जमेल त्यांनी इथेच लिहा.’ (राउंड डान्स म्हणजे टिपांच्या मधे होणारे जोडीचे नाच.) बंद पुढच्या दाराचा उल्लेख क्षुल्लक वाटतो, पण अंधारात चर्चभोवती फेरी मारून परत गेलेले पाहुणे पुन्हा येत नाहीत. दोघं मिळाले की पोस्टच्या सुरुवातीला ‘भरलं’ लिहायचं. ते राहिलं तर पाच येतात, अकरा होतात आणि तासभर गाडी चालवून आलेले लोक खुर्चीवर बसतात.

‘थोडंफार येतं’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचं. ‘लोड द बोट’ किंवा ‘रिले द ड्यूसी’ हे प्लसचे कॉल. त्यांत आठही जण एकाच वेळी वेगवेगळ्या वाटांनी फिरत असतात. एक जण चुकीच्या कोपऱ्यात थांबला की त्याच्यामागचे तिघं अडतात आणि दहा सेकंदांत स्क्वेअर मोडतो. मग समोरासमोर दोन रांगा करून कॉलर पुन्हा उचलून घेईपर्यंत वाट बघायची. एका टिपमध्ये हे चार वेळा झालं की पाहुणाही खजील आणि यजमानही.

उसनं घेतलं की फेडावं लागतं. क्लबांमध्ये दुसऱ्याचा बॅनर पळवण्याची जुनी प्रथा आहे. आपल्या क्लबचे निदान आठ जण घेऊन पाहुणे म्हणून जायचं आणि यजमानांचा बॅनर घेऊन यायचा, मग तो सोडवायला ते आपल्याकडे येतात. खेळ पोरकट, परिणाम पक्का: दोन वेळा प्रत्येकी एक पूर्ण स्क्वेअर हॉलमध्ये. सामाईक ग्रुपमध्ये या भेटींच्या तारखा तीन महिने आधी लावल्या तर उसनवारीची वेळच कमी येते.

झूमचा काळ

२०२० च्या मार्चपासून हॉल बंद झाले. १९५२ पासून भरत आलेलं राष्ट्रीय अधिवेशन त्या वर्षी स्पोकेनला व्हायचं होतं, ते रद्द झालं. कॉलर घरून झूमवर कॉल देऊ लागले आणि लोक बैठकीच्या खोलीत दोघंदोघं नाचू लागले, उरलेले नाचणारे कल्पनेतले. आवाज पोचायला लागणारा उशीर प्रत्येक घरी वेगळा, म्हणून संगीत आणि कॉल एकाच टोकाकडून द्यायचे आणि बाकी सगळे माइक बंद. झूम संगीताला गोंगाट समजून दाबतं, तेव्हा ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावं लागतं. पण खरी अडचण वेगळी होती. कॉलर एरवी स्क्वेअरकडे बघून पुढचा कॉल निवडतो, लोक अडखळले तर अर्धा ठोका थांबतो. स्क्रीनवर त्याला ते उशिरा दिसत असे, किंवा दिसतच नसे.

त्या काळातून या क्लबने एकच गोष्ट ठेवली: दोन जोड्यांत बसणाऱ्या कॉलची वही. आता मंगळवारी सातच आले तरी चौघांचा नाच होतो आणि संध्याकाळ वाया जात नाही.

नवी माणसं: चौकशी रोज, वर्ग वर्षातून एकदा

इथपर्यंतचं सगळं असलेली माणसं सांभाळण्याचं. यादी मात्र १४ वरून खालीच जाणार होती.

क्लब नव्या वर्गाची जाहिरात स्क्वेअर डान्सच्या ग्रुपांत करत असे. तिथे जे आहेत ते सगळे आधीच नाचणारे. नवी माणसं गावाच्या फेसबुक ग्रुपवर, नेक्स्टडोअरवर, मीटअपवर असतात. (मीटअपवर आयोजकाला वर्गणी पडते, ती दोन-तीन क्लबांनी वाटून घेणं शहाणपणाचं.) अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनाही हे सांगण्यासारखं आहे. जोडीदार लागत नाही, पावलं चालण्याचीच असतात, आणि सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील या हॉलमध्ये वयाने मुळीच वेगळे दिसणार नाहीत. इंग्रजी कॉल वेगाने येतात खरे, पण शब्द ठरलेले आणि मोजके.

जाहिरातीचा फोटो बदलला. फुललेले झगे आणि काउबॉय शर्ट यांच्या फोटोमुळे बघणाऱ्याला वाटतं, आधी शिंप्याकडे जावं लागेल. जीन्समधल्या, हसताना पकडलेल्या आठ माणसांचा फोटो टाकला आणि खाली चारच गोष्टी: अनुभव नको, जोडीदार नको, पहिल्या दोन संध्याकाळी मोफत, वर्गात शिरण्याची शेवटची तारीख अमुक.

त्या शेवटच्या तारखेत खरं दुखणं आहे. ऑनलाइन चौकशी वर्षभर ठिबकत राहते. वर्ग सुरू होतो सप्टेंबरमध्ये. प्रत्येक आठवड्याचे कॉल मागच्यांवर रचलेले असल्यामुळे तिसऱ्या आठवड्यानंतर कुणाला घेता येत नाही. मेनस्ट्रीमपर्यंत शिकवायला सप्टेंबर ते मे लागत असे. नोव्हेंबरमध्ये विचारणाऱ्याला ‘पुढच्या सप्टेंबरला या’ हे उत्तर मिळे. दहा महिने थांबून येणारा माणूस दुर्मिळ. जाहिरात कितीही सुधारली असती तरी ही गळती तशीच राहिली असती.

कॉलरलॅबच्या सोशल स्क्वेअर डान्सिंग या पायरीने इथे वाट दिली. सुमारे ५० कॉल, साधारण १२ आठवडे. क्लबने वर्षातून दोन वर्ग धरले, सप्टेंबर आणि जानेवारी. मधल्या महिन्यांत दर महिन्याला एक ओळखीची संध्याकाळ: दहा-बारा सोपे कॉल, दीड तास, पुढच्या वर्गाची नोंदणी दारातच. चौकशी करणाऱ्याला आता दहा महिन्यांऐवजी फार तर चार आठवड्यांनी काहीतरी करता येतं. उत्तर चोवीस तासांत द्यायचं आणि त्यात तारीख द्यायची. ‘लवकरच कळवू’ नको.

सप्टेंबरला नवे पाच आले असं धरा. दोन स्क्वेअरसाठी ११ जुने लागतात. जुन्यांना इथे ‘एंजल’ म्हणतात, म्हणजे सोबत नाचून हात धरून नेणारे. प्रत्येक स्क्वेअरमध्ये निम्मे तरी मुरलेले असावेत. दहाच एंजल आले तर पंधरा होतात आणि तो वाईट आकडा पहिल्याच रात्री नव्यांच्या वाट्याला येतो. म्हणून वर्गाचा पोल वेगळा, आणि शेजारच्या क्लबमधला एक एंजल राखीव. एंजलनी कॉल चालू असताना बोलायचं नाही, ढकलायचं नाही, आणि आपल्या हौसेच्या गिरक्या घरी ठेवून यायचं. ‘डो सा डो’च्या (हात न लावता एकमेकांभोवती पाठीमागून जाण्याच्या) जागी एकमेकांना धरून फिरणाऱ्या जुन्या जोडीकडे बघून नवा माणूस तेच खरं समजतो.

वर्गाचा ग्रुप छोटा: नवे, कॉलर, दोन एंजल. वर्गाच्या रात्रीच त्या दिवशीच्या कॉलची यादी टाकायची आणि सोबत ‘टॅमिनेशन्स’ या संकेतस्थळावरची त्याच कॉलची चलचित्रं, पातळी नीट निवडून. एकाच नावाखाली वरच्या पातळीच्या, वेगळ्या रचनेतल्या चालीही असतात आणि नवखा नेमका तीच उघडतो. चलचित्रात आपली जागा निवडून तिच्यावर नजर ठेवायची, आठांवर नाही.

कॉलविषयीच्या प्रश्नाला उत्तर फक्त कॉलर देईल, हा नियम कडक ठेवावा लागतो. ‘स्क्वेअर थ्रू’चंच घ्या. उजवा हात देऊन ओलांडायचं, पाव वळायचं, डावा देऊन ओलांडायचं, पाव वळायचं, उजवा, पाव वळण, डावा, आणि थांबायचं. चौथ्या हातानंतर वळण नाही. जवळजवळ प्रत्येक नवखा तिथे चौथं वळण घेतो आणि भलतीकडे तोंड करून उभा राहतो. यावर ग्रुपमध्ये चार जुन्यांनी चार तऱ्हांनी लिहिलं की दुसऱ्या मंगळवारी नवखा तिसऱ्या हातालाच थांबतो. कॉलरचं एक वाक्य आणि चलचित्र पुरे.

व्हिडिओ, अनोळखी लोक आणि बाकी किरकोळ

कॉलरकडे एएससीएपी आणि बीएमआय या संगीतहक्क सांभाळणाऱ्या अमेरिकी संस्थांचा परवाना असला तरी तो हॉलमधल्या थेट कार्यक्रमाचा. गाण्याचा व्हिडिओ चढवणं त्यात येत नाही. प्लॅटफॉर्म आवाज काढून टाकतो आणि मुक्याने नाचणारी माणसं उरतात. त्यामुळे वीस-तीस सेकंदांचा उभा व्हिडिओ, संगीत बंद, नुसता कॉलरचा आवाज आणि पावलं. चेहरा नको असलेल्यांनी त्या टिपला बसायचं, हे आधी जाहीर करायचं.

उघड्या इव्हेंटखाली खोट्या थेट प्रक्षेपणाच्या लिंका आणि टी-शर्ट विकणारे येतातच. फेसबुक ग्रुपात शिरताना प्रश्न विचारता येतात. इथे दोन पुरतात: कुठल्या गावात राहता, आणि नाचता की शिकायचं आहे? लिंका चिकटवणारे सहसा उत्तर देत नाहीत. सदस्यांचे फोन नंबर आणि घरचे पत्ते कुठल्याही ग्रुपवर नकोत.

बारा आठवड्यांनंतर

पाचांपैकी चार टिकले असं धरलं तरी एक नवा पेच उभा राहतो. हे चौघं सोशल पातळीचे, जुने प्लसचे. मंगळवारी सगळ्यांनी सोशल नाचायचं तर जुने कंटाळतात, प्लस नाचायचं तर नवे बसतात. क्लबने संध्याकाळ कापली: सात ते सव्वाआठ सोशल, पुढे नऊपर्यंत प्लस. पोल दोन झाले. सोशलच्या वेळात १४ अधिक ४ म्हणजे यादीत १८, प्रत्यक्षात १३-१४. सोळाला दोन-तीन कमी, आणि ते सामाईक ग्रुपमधून मागता येतात. सव्वाआठनंतर मात्र तेच नऊ ते अकरा, म्हणून प्लसचा पोल वेगळा मोजायचा. सोशलला चौदा आले म्हणून प्लसचे आठ होतीलच असं नाही, कारण जुन्यांतले दोघंतिघं नव्यांना सोडायला लवकर निघतात. जानेवारीच्या वर्गाची जाहिरात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गावाच्या ग्रुपवर जाते, थँक्सगिव्हिंगच्या आधी.